करण्यात येईल, पण कोण करणार?

वाचकाचं पत्र

मी एका सरकारी खात्याच्या मुख्य कार्यालयात सहाय्यक आहे. गेल्या दोनेक वर्षांत आमच्या बैठकांची भाषाच बदलून गेली आहे. नवे अधिकारी आले, सल्लागार संस्थेची माणसं आली आणि त्यांच्याबरोबर ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’, ‘सॅच्युरेशन’, ‘कन्व्हर्जन्स’, ‘ओनरशिप घ्या’, ‘मिशन मोडवर घ्या’ हे शब्द आले. आता तर आमच्याच कक्षात त्यांची मराठी रूपंही तयार झाली आहेत : ‘हितसंबंधी सहभागिता’, ‘परिणामकेंद्री अभिसरण’. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. मी ऐकलेलं जसंच्या तसं उतरवते. अर्थ विचारला तर ‘हिला एवढंही कळत नाही’ असं म्हणतील, ही भीती असते. काही सहकारी बैठकीत असे शब्द मोजण्याचा खेळ खेळतात आणि मलाही त्यात ओढतात.

मागच्या महिन्यात एक वयस्कर अर्जदार मीच तयार केलेलं पत्र हातात घेऊन आले. त्यात वाक्य होतं : ‘आपले प्रकरण प्रणाली एकात्मीकरणाच्या प्रक्रियेत असून समावेशनाबाबत यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल.’ त्यांनी विचारलं, “बाई, म्हणजे पैसे मिळणार की नाही?” मला उत्तर देता आलं नाही. हे शब्द मी नीट शिकून घ्यावेत की टाळावेत? आणि साधं लिहिलं तर वरिष्ठांच्या नजरेत मी कमी ठरेन का? वरिष्ठ माझ्या कामाबद्दल लिहितात त्या गोपनीय अहवालाची काळजी वाटते.

— एक सहाय्यक

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे येण्याआधी एक काम सांगते. त्या आजोबांना दुसरं पत्र पाठवा, आणि ते याच आठवड्यात जाऊ द्या.

तुम्हाला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, त्याचं कारण तुम्हाला शब्द येत नव्हते हे नाही. त्या वाक्यात उत्तर नव्हतंच. अर्ज मंजूर आहे की नाही, काम कुठे अडलं आहे, कोणाकडे अडलं आहे, कधी होईल, यातलं एकही त्यात नाही. ‘प्रणाली एकात्मीकरण’ म्हणजे बहुधा जुन्या यादीतली नावं नव्या संगणक प्रणालीत घ्यायची राहिली आहेत. तसं असेल तर तसंच लिहा : ‘आपला अर्ज मंजूर झाला आहे. आपलं नाव नव्या संगणक प्रणालीत अजून नोंदवलेलं नाही, म्हणून पैसे जमा झालेले नाहीत. नोंदीचं काम लेखा शाखेकडे आहे. पैसे कधी जमा होतील हे आज निश्चित सांगता येत नाही, पण पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आम्ही आपल्याला पुन्हा कळवू.’ खाली दूरध्वनी क्रमांक द्या, शाखेचं नाव द्या.

हे लिहायला बसलात की तुम्हाला खुर्चीवरून उठावं लागेल. लेखा शाखेत जाऊन विचारावं लागेल, की हे नाव नक्की कुठल्या टप्प्यावर आहे. कदाचित तिथे कळेल की ते नाव कोणाच्याच टेबलावर नाही. साध्या भाषेचा पहिला फायदा वाचणाऱ्याच्याही आधी लिहिणाऱ्याला होतो, तो असा. माहिती नसेल तर साधं वाक्य पूर्णच होत नाही. ‘उचित कार्यवाही करण्यात येईल’ हे मात्र काहीही माहीत नसताना लिहिता येतं, आणि म्हणून ते इतकं लिहिलं जातं.

अशा पत्राने होणारं नुकसान खरं असतं. ब्रिटिश संसदेच्या लोकप्रशासनविषयक समितीने २००९ च्या अखेरीस सरकारी भाषेवर एक अहवाल दिला. दुर्बोध सरकारी भाषेमुळे एखाद्याला त्याच्या हक्काचा लाभ किंवा सेवा मिळाली नाही, तर तो कारभारातला दोष धरावा आणि लोकांनी त्याबद्दल रीतसर तक्रार करावी, अशी त्या समितीची भूमिका होती. मला ती पूर्णपणे पटते. उशीर झाला, फाइल हरवली, चुकीची रक्कम दिली, या चुका आपण चुका मानतो. न कळणारं पत्र पाठवणं ही मात्र आपण शैलीची बाब समजतो. ते आजोबा पुन्हा प्रवास करून आले, रांगेत उभे राहिले आणि हात हलवत परत गेले. त्यांच्या दृष्टीने फाइल हरवण्यात आणि या पत्रात काय फरक होता?

आता शब्दांबद्दल. मी स्वतः बरीच वर्षं सरकारी मसुदे तपासण्याचं काम केलं आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली : सगळी परिभाषा टाकाऊ नसते. ‘निरंक अहवाल’, ‘कार्योत्तर मंजुरी’, ‘अनुज्ञेय’, ‘पृष्ठांकन’ हे शब्द बाहेरच्या माणसाला जड वाटतील, पण कार्यालयात प्रत्येकाला त्यांचा एकच अर्थ माहीत असतो. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हटलं की खर्च आधी झाला, मंजुरी नंतर घेतली, हे दोन शब्दांत कळतं. असे शब्द कामाचे आहेत, ते आतल्या टिपणीत खुशाल वापरा. अर्जदाराच्या पत्रात तेवढं ‘अनुज्ञेय नाही’ऐवजी ‘नियमाप्रमाणे मिळू शकत नाही’ लिहा आणि तो नियम सांगा.

नवे शब्द घडवणं हाही गुन्हा नाही. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यातल्या प्रत्येक शब्दामागे एक ठरलेलं पद, वस्तू किंवा काम होतं. तुमच्या ‘परिणामकेंद्री अभिसरणा’मागे काय आहे, हे तपासायचा सोपा मार्ग असा : बैठकीला असलेल्या दोघांना वेगवेगळं गाठा आणि विचारा, याचा अर्थ आपल्या कामात नेमका काय घ्यायचा? दोघांचं उत्तर एकच आलं, तर तो शब्द परिभाषा आहे, शिकून घ्या. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर त्या शब्दावर काम सोपवू नका. कन्व्हर्जन्सचा अर्थ एकाच्या मते दोन योजनांचे पैसे एकत्र वापरणं आणि दुसऱ्याच्या मते दोन खात्यांच्या याद्या जुळवणं असेल, तर सहा महिन्यांनी दोघंही प्रामाणिकपणे म्हणतील, की आम्ही आमचं काम केलं.

मला या शब्दांपेक्षाही जास्त काळजी वाटते ती आपल्या जुन्या, सवयीच्या वाक्यरचनेची. ‘करण्यात येईल’, ‘करण्याचे योजिले आहे’, ‘विचाराधीन आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’. या सगळ्यांत कर्ता नाही. ‘तपासणी करण्यात येईल’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि ते वाचून एकाही माणसाला उद्या सकाळी तपासणीला जायचं आहे असं वाटत नाही. इंग्रजी शब्द हाकलून त्यांच्या जागी संस्कृतप्रचुर शब्द बसवले, तरी कर्ता परत येत नाही. ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट करण्यात येईल’ आणि ‘हितसंबंधी सहभागिता साधण्यात येईल’ ही दोन्ही सारखीच रिकामी वाक्यं आहेत. ‘कक्ष अधिकारी गुरुवारी लाभार्थींच्या प्रतिनिधींना भेटतील’ हे भरलेलं वाक्य आहे, त्यात ‘लाभार्थी’सारखा सरकारी शब्द असला तरीही. म्हणून मसुदा हातावेगळा करण्याआधी प्रत्येक क्रियापदाला विचारा : कोण? आणि मग : कधीपर्यंत? ‘यथावकाश’, ‘लवकरात लवकर’, ‘प्राधान्याने’ यांच्या जागी तारीख घाला. तारीख माहीत नसेल तर पुन्हा कधी कळवणार, ती तारीख घाला.

आणि आता तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन, ज्याला तुम्ही ओझं समजता आहात : इतिवृत्त. बैठकीत काय बोललं गेलं हे आठवड्याभरात सगळे विसरतात. इतिवृत्तात जे लिहिलं तेच उरतं, तेच नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये लागतं, त्याचाच अनुपालन अहवाल मागितला जातो. ते लिहिणारी व्यक्ती पदाने कितीही कनिष्ठ असो, तिचं काम उतरवून घेण्याचं नाही, निर्णय नोंदवण्याचं आहे.

समजा, बैठकीत वाक्य आलं : “आपण सगळ्या स्टेकहोल्डर्सना सोबत घेऊन कन्व्हर्जन्समधून सॅच्युरेशनकडे जायचं आहे, ओनरशिप घेऊन.” आज तुम्ही ते ‘परिणामकेंद्री अभिसरणाद्वारे संपृक्ततेकडे वाटचाल करण्याचे ठरले’ असं लिहीत असाल. त्याऐवजी असं लिहून बघा : ‘पात्र असूनही ज्यांची नावं यादीत नाहीत, अशांची यादी दोन्ही खात्यांनी एकत्र बसून करायची. जबाबदारी : योजना शाखा. मुदत : पुढील बैठकीपूर्वी आठ दिवस.’ मसुदा साहेबांकडे नेताना वर एक ओळ लिहा : ‘चर्चेवरून मला निर्णय असा समजला आहे, दुरुस्ती असल्यास कृपया दर्शवावी.’

यातून तीनपैकी एक गोष्ट होईल. साहेब सही करतील, म्हणजे काम झालं. किंवा म्हणतील, “नाही नाही, माझं म्हणणं वेगळं होतं,” आणि काय होतं ते सांगतील. तेही उत्तमच, कारण खरा निर्णय आता कळला. तिसरी शक्यता अशी की ते म्हणतील, “हे मी सर्वसाधारण बोललो होतो, कोणावर जबाबदारी टाकली नव्हती.” मग तुम्ही नम्रपणे लिहायचं : ‘या विषयावर सर्वसाधारण चर्चा झाली.’ हे खरं आहे, आणि खरं लिहिलेलं इतिवृत्त कोणाला टोचत नाही. एक पथ्य मात्र कडक पाळा. बैठकीत कोणी घेतली नाही ती जबाबदारी आपल्या मनाने कोणाच्या नावावर टाकू नका. एकदा तसं झालं की तुमच्या लिहिण्यावरचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणं फार कठीण असतं.

अर्थ विचारायची लाज वाटते म्हणता, तर अर्थ विचारूच नका. नोंद कशी घ्यायची ते विचारा. “सर, हा मुद्दा इतिवृत्तात कोणत्या शाखेच्या नावावर घेऊ?” “मॅडम, यात पहिलं काम कोणतं धरायचं?” “मुदत कोणती लिहू?” हे प्रश्न इतिवृत्त लिहिणाऱ्यानेच विचारायचे असतात. त्यात अज्ञान दिसत नाही, काटेकोरपणा दिसतो. माझा अनुभव असा, की हा प्रश्न विचारला की टेबलाभोवतीचे निम्मे लोक मनातून सुटकेचा श्वास टाकतात, कारण त्यांनाही तेच विचारायचं असतं. नवीन संक्षेप कानावर आला तर त्याचं पूर्ण रूप मात्र तिथल्या तिथे विचारा आणि इतिवृत्तात पहिल्या उल्लेखात पूर्ण लिहा.

नस्तीच्या विषयाबद्दल एक सूचना, जी सहसा कोणी देत नाही. दर नव्या अधिकाऱ्याबरोबर त्याच कामाचं नाव बदलतं : तपासणीचं मॉनिटरिंग होतं, मॉनिटरिंगचं ट्रॅकिंग होतं, मग तिसरंच काहीतरी. बैठकीत बदलू दे. नस्तीवरचा विषय आणि नोंदवहीतली नोंद यांत मात्र कामाचं जुनं, सर्वांना माहीत असलेलं नाव ठेवा, नवं नाव हवं तर पुढे जोडा. नाही तर पाच वर्षांनी कोणी जुनं प्रकरण शोधायला बसलं की एकाच कामाच्या चार नस्त्या चार नावांनी चार कपाटांत असतात, आणि तीन सापडतच नाहीत. अभिलेख शाखेतल्या लोकांना विचारा, ते हे रोज सोसतात.

शब्द मोजण्याच्या खेळात तुम्ही सामील होऊ नका. सहकारी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कंटाळलेली माणसं विरंगुळा शोधतात. पण तो खेळ खेळणारा माणूस बैठकीत अर्थाकडे कान देत नाही, शब्दांकडे देतो. बाहेर येऊन हसतो आणि टेबलावर बसून तेच पत्र टाइप करतो. अर्जदाराला त्या हसण्याचा काही उपयोग नाही. शिवाय हे शब्द वापरणाऱ्यांना हसून त्यांची भाषा सुधारत नाही. त्यातले बरेच जण तुमच्यासारखेच धास्तावलेले असतात. नव्या अधिकाऱ्याला वरच्या आढाव्यात याच शब्दांत सादरीकरण करावं लागतं. सल्लागाराच्या अहवालाचा साचा याच शब्दांचा असतो. ज्याला क्षेत्रावरची माहिती अजून पुरती नाही, त्याला हे शब्द आधार वाटतात. त्यांना टोमण्याची नाही, तपशिलाची गरज असते, आणि तो तपशील तुमच्या नस्त्यांमध्ये आहे. बैठकीआधी एका पानावर आकडे, अडलेली प्रकरणं आणि अडण्याचं कारण लिहून दिलंत, तर तेच अधिकारी बैठकीत ‘सॅच्युरेशन’ऐवजी तुमच्या पानावरची वाक्यं बोलताना ऐकाल.

वरून दम भरून हे सुधारत नाही, याचा एक जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मॉरी मॅव्हरिक नावाचे गृहस्थ लहान कारखान्यांना युद्धसामग्रीची कामं मिळवून देणाऱ्या सरकारी महामंडळाचे प्रमुख होते. बोजड सरकारी भाषेला ते इतके वैतागले, की १९४४ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लेखी बजावलं : ‘ॲक्टिव्हेशन’ किंवा ‘इम्प्लिमेंटेशन’ हे शब्द वापरणाऱ्याला गोळी घातली जाईल. ऐंशी वर्षं उलटली, आणि ‘इम्प्लिमेंटेशन’ आज तुमच्या-माझ्या प्रत्येक बैठकीत आहे. ब्रिटनमधल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संघटनेने २००९ मध्ये टाळायच्या दोनशे शब्दांची यादी काढली होती. याद्या काढाव्यात, त्यांनी जाग येते. पण एक शब्द बंद केला की दुसरा येतो, कारण मुळातली गरज, म्हणजे न ठरलेलं ठरल्यासारखं दाखवण्याची गरज, तशीच राहते.

त्यापेक्षा मला चर्चिल यांची ऑगस्ट १९४० मधली सूचना जास्त उपयोगी वाटते. इंग्लंडवर हवाई हल्ले सुरू असताना त्यांनी मंत्र्यांना आणि खात्यांना कळवलं, की अहवाल आखूड लिहा, मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा, आकडेवारी परिशिष्टात टाका. खरे मुद्दे थोडक्यात मांडण्याची शिस्त विचार स्पष्ट करायलाच मदत करते, असं त्यांचं म्हणणं होतं. युद्धाच्या धामधुमीत एका पंतप्रधानाला यासाठी वेळ काढावासा वाटला, तर आपल्या कक्षाला तो काढायला हरकत नसावी.

कायद्याचं पाठबळ हवं असेल तर तेही काही देशांनी दिलं आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने केंद्रीय खात्यांना लाभ, सेवा आणि कर यांविषयीची कागदपत्रं लोकांना समजतील अशी लिहिणं बंधनकारक केलं; पाळलं नाही तर न्यायालयात मात्र जाता येत नाही, ही त्याची उणीव. स्वीडनच्या २००९ च्या भाषा कायद्यात सार्वजनिक कारभाराची भाषा नीटनेटकी, सोपी आणि समजणारी असावी असं थेट कलम आहे. वरिष्ठांशी बोलताना हे दाखले हाताशी असू द्या. ‘मला कठीण शब्द आवडत नाहीत’ यापेक्षा ‘इतर देशांची सरकारं हे कर्तव्य मानतात’ हे वाक्य अधिक ऐकलं जातं.

आता गोपनीय अहवालाची काळजी. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भारदस्त भाषेला हुशारी समजणारे अधिकारी असतात, आणि तुमचा साधा मसुदा फिरवून पुन्हा जड करणारेही भेटतील. आतल्या कागदावर त्यांनी तसं केलं तर वाद घालू नका. सही त्यांची आहे. अर्जदाराला जाणाऱ्या पत्रावर मात्र एकदा तरी बोला. “सर, असं लिहिलं तर ते पुन्हा चौकशीला येतील, आधीच्या पत्रावर आले होते,” एवढंच म्हणा. भाषेबद्दल बोललात तर तो आवडीनिवडीचा विषय होतो. परत येणाऱ्या लोकांबद्दल बोललात तर तो कार्यालयाच्या वेळेचा विषय होतो, आणि त्यावर बहुतेक अधिकारी विचार करतात. यासाठी एक साधी वही ठेवा : पत्राचा अर्थ विचारायला कोण आलं, कोणत्या पत्राबद्दल, काय विचारलं. तीन-चार महिन्यांच्या नोंदी झाल्या की नेमकी कोणती ठरावीक पत्रं बदलायची ते दिसेल. मग त्या नमुन्यांचे सुधारित मसुदे टिपणीसह सादर करा. परवानगी मागून केलेला बदल टिकतो, आणि तो तुमच्या नावावर राहतो.

आणि स्वयंमूल्यमापन भरताना ‘फलनिष्पत्तीभिमुख समन्वय साधला’ असं लिहायचा मोह होईल, कारण शेजारच्याने तसं लिहिलेलं असेल. तुम्ही लिहा की वर्षभरात किती बैठकांची इतिवृत्तं किती दिवसांत निर्गमित केली, किती प्रकरणं निकाली काढली, कोणत्या पत्राचा नमुना बदलला आणि त्यानंतर त्या पत्राबद्दल विचारायला येणारे किती कमी झाले. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला शेरा लिहायला काहीतरी हाताशी लागतं. आकडे आणि कामं दिलीत, तर तो तीच उतरवतो.